लिनक्सवरील गेमिंग कळफलकांची प्रकाशयोजना

लिनक्सवरील गेमिंग कळफलकांची प्रकाशयोजना म्हणजे ज्या कळफलकांच्या रंगीत दिव्यांसाठी उत्पादकाने लिनक्सकरिता आज्ञावली पुरविलेली नाही, अशा कळफलकांचे दिवे त्या कार्यप्रणालीवर नियंत्रित करण्याच्या पद्धती होत. रेझर, कॉर्सेर आणि लॉजिटेक हे या क्षेत्रातील प्रमुख उत्पादक आहेत. सिनॅप्स, आयक्यू आणि जी हब या त्यांच्या नियंत्रक आज्ञावल्या विंडोजसाठी आणि काही प्रमाणात मॅकओएससाठी उपलब्ध आहेत; लिनक्ससाठी त्या दिलेल्या नाहीत. ही उणीव स्वयंसेवी विकासकांनी मुक्त स्रोत आज्ञावल्या लिहून बऱ्याच अंशी भरून काढली आहे. ओपनरेझर, सीकेबी-नेक्स्ट आणि ओपनआरजीबी या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत.

असा कळफलक लिनक्सच्या संगणकाला जोडला असता टंकलेखन तत्काळ सुरू होते. दिवे मात्र आज्ञेत राहत नाहीत. एकाच उपकरणाच्या या दोन अंगांतील फरकाचे कारण मानकीकरणात आहे: कळांची भाषा सर्वांना खुली आहे, तर दिव्यांची भाषा प्रत्येक उत्पादकाची खासगी आहे.

पार्श्वभूमी

रंगीत प्रकाशाच्या कळफलकात प्रत्येक कळेखाली तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म प्रकाशोत्सर्जक डायोड एकत्र बसविलेले असतात. प्रत्येक रंगाच्या तीव्रतेच्या २५६ पातळ्या मानल्यास त्यांच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ छटा मिळतात. प्रत्येक कळेला स्वतंत्र रंग देता येणारे कळफलक २०१४ सालापासून बाजारात रुळले. कॉर्सेरचा के७० आरजीबी आणि रेझरचा ब्लॅकविडो क्रोमा हे दोन्ही त्याच वर्षी आले.

सर्व कळफलकांना ही सोय नसते. काहींमध्ये चार-पाच कळपट्ट्यांना एकेक रंग देता येतो, तर स्वस्त कळफलकांत संपूर्ण प्रकाश फक्त चालू किंवा बंद होतो. दिव्यांवर देखरेख ठेवण्यासाठी कळफलकातच एक सूक्ष्मनियंत्रक असतो आणि त्यात कायमस्वरूपी साठविलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, चालत असते. संगणक दिवे स्वतः पेटवीत नाही. तो या सूक्ष्मनियंत्रकाला संदेश पाठवितो. तो संदेश कोणत्या स्वरूपात असावा, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

अडचणीचे मूळ

यूएसबी जोडणीचे पहिले मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. कळफलक, माउस इत्यादी उपकरणांसाठी त्यात एचआयडी नावाचा वर्ग आखलेला आहे. त्यानुसार कळफलकाचा मूलभूत संदेश ८ बाइटांचा असतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या जोडकळांची स्थिती असते, दुसरा राखीव असतो आणि उरलेल्या सहांमध्ये एका वेळी दाबलेल्या जास्तीत जास्त सहा कळांचे क्रमांक असतात. हे मानक सर्वांसाठी खुले असल्यामुळे कोणत्याही उत्पादकाचा कळफलक कोणत्याही कार्यप्रणालीवर चालतो.

उलट दिशेने, म्हणजे संगणकाकडून कळफलकाकडे, जाणाऱ्या मूलभूत संदेशात केवळ पाच दिव्यांची तरतूद आहे: नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक, कंपोज आणि काना. यांतील काना हा दिवा जपानी कळफलकांसाठी आहे. शंभराहून अधिक कळांच्या रंगांना या एका बाइटमध्ये जागा असणे शक्यच नव्हते. त्यामुळे प्रत्येक उत्पादकाने एचआयडी वर्गातील खासगी संदेशांची मोकळीक वापरून स्वतःची नियमावली रचली आणि ती बहुतांशी अप्रसिद्ध ठेवली. परिणामी ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग उत्पादकाच्या आज्ञावलीवर अवलंबून राहतो. ती आज्ञावली ज्या कार्यप्रणालीवर नाही, तेथे दिवे मूळ रंगचक्रात फिरत राहतात किंवा अगदीच बंद असतात.

नियमावली उलगडण्याची रीत

अप्रसिद्ध नियमावली समजून घेण्यासाठी विकासक कळफलक आणि उत्पादकाची आज्ञावली यांच्यातील संवाद टिपून त्याचा अभ्यास करतात. त्यासाठी लिनक्सच्या संगणकात आभासी यंत्र उभारून त्यात विंडोज चालविले जाते, कळफलक त्या आभासी यंत्राच्या स्वाधीन केला जातो आणि लिनक्स कर्नलमधील यूएसबीमॉन या सोयीने मधली देवाणघेवाण नोंदविली जाते. वायरशार्क या आज्ञावलीत ती नोंद बाइटनिहाय वाचता येते.

पुढचे काम शाळेतील प्रयोगासारखे असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एखादी कळ आधी तांबडी, मग हिरवी, मग निळी केली असता संदेशातील कोणते बाइट बदलले, हे पाहिले म्हणजे रंगाची जागा कळते. नंतर रंग तोच ठेवून कळ बदलली म्हणजे कळेच्या क्रमांकाची जागा कळते.

रेझरचे कळफलक या रीतीचे चांगले उदाहरण होय. ओपनरेझरच्या विकासकांनी उलगडलेल्या रचनेनुसार त्यांचा नियंत्रणसंदेश ९० बाइटांचा असतो. आरंभीच्या ८ बाइटांत स्थिती, व्यवहार क्रमांक, माहितीची लांबी, आदेशाचा वर्ग, आदेशाचा क्रमांक इत्यादी असतात. त्यानंतरचे ८० बाइट प्रत्यक्ष माहितीसाठी असतात. शेवटून दुसरा बाइट पडताळ्याचा असतो. आधीच्या ठरावीक बाइटांवर एक्सॉर ही तार्किक क्रिया करून तो काढतात. पडताळा चुकला तर संदेश ग्राह्य धरला जात नाही. म्हणून केवळ रंगाचा बाइट ओळखून भागत नाही, तर संपूर्ण संदेशाचे व्याकरण जाणावे लागते.

लिनक्समधील रचना

लिनक्स कर्नलमध्ये दिव्यांसाठी एलईडी नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात प्रत्येक दिवा एखाद्या निर्देशिकेसारखा दिसतो, आणि त्यातील तेजस्वितेच्या फाइलमध्ये आकडा लिहिला की दिव्याचे तेज बदलते. अनेक लॅपटॉपांचा पार्श्वप्रकाश याच मार्गाने नियंत्रित होतो. २०२० सालच्या ५.९ या आवृत्तीत कर्नलमध्ये बहुरंगी दिव्यांसाठी वेगळा वर्ग समाविष्ट झाला. कॉर्सेर के९०, लॉजिटेक जी१५ अशा काही जुन्या कळफलकांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत.

तथापि प्रत्येक कळेला स्वतंत्र रंग देणारे बहुतेक कळफलक या रचनेबाहेर राहतात. त्यांच्याशी थेट एचआयडी मार्गाने बोलावे लागते. हा मार्ग सामान्य वापरकर्त्यास सहसा बंद असतो आणि त्याला सबळ कारण आहे. ज्या आज्ञावलीला हा मार्ग खुला असेल, तिला कळफलकावर टंकित होणारी अक्षरे, पर्यायाने परवलीचे शब्दही, वाचता येऊ शकतात. म्हणून विशिष्ट उपकरणापुरतीच परवानगी देणारे नियम यूडेव्ह या उपकरण-व्यवस्थापकाच्या निर्देशिकेत ठेवले जातात. पुढे वर्णन केलेल्या आज्ञावल्या असे नियम सोबत पुरवितात. संपूर्ण आज्ञावली प्रशासकीय अधिकाराने चालविणे हा सोपा वाटणारा, पण अयोग्य उपाय होय.

प्रमुख आज्ञावल्या

ओपनरेझर: हा प्रकल्प रेझरच्या उपकरणांसाठी असून रेझर कंपनीशी त्याचा अधिकृत संबंध नाही. त्याचे दोन भाग आहेत: कर्नलमध्ये बसणारे ड्रायव्हर आणि पार्श्वभागी अखंड चालणारी सेवा. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संचात नसल्यामुळे डीकेएमएस या यंत्रणेद्वारे कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत त्यांची पुन्हा बांधणी होते. वापरकर्त्यासमोर येणारे दृश्य नियंत्रण ओपनरेझरमध्ये नाही. त्यासाठी पॉलिक्रोमॅटिक किंवा रेझरजिनी यांसारखी वेगळी आज्ञावली घ्यावी लागते.

सीकेबी-नेक्स्ट: ही कॉर्सेरच्या उपकरणांसाठीची आज्ञावली सीकेबी या आधीच्या प्रकल्पाचे काम थांबल्यावर इतर विकासकांनी पुढे चालविली. तिची सेवा कळफलक पूर्णपणे आपल्या ताब्यात घेते आणि त्याच्या जागी एक आभासी कळफलक निर्माण करून दाबलेल्या कळा कार्यप्रणालीकडे पाठविते. त्यामुळे दिव्यांखेरीज कळांची अदलाबदल आणि आदेशमालिकाही शक्य होतात.

ओपनआरजीबी: ही आज्ञावली एका उत्पादकापुरती मर्यादित नाही. कळफलक, माउस, मदरबोर्ड, स्मृतिपट्ट्या, पंखे अशा अनेक उत्पादकांच्या उपकरणांचे दिवे एकाच खिडकीतून नियंत्रित करणे हा तिचा उद्देश आहे. ती सी++ या भाषेत क्यूटी संचाच्या साहाय्याने लिहिलेली असून जीएनयू जीपीएल परवान्याखाली लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्हींसाठी उपलब्ध आहे. विंडोजवरही ती वापरली जाते, कारण तेथे प्रत्येक उत्पादकाची वेगळी आज्ञावली ठेवावी लागणे अनेकांना जाचक वाटते.

लॉजिटेकसाठीच्या आज्ञावल्या: जी८१०-लेड ही लहानशी आज्ञावली जी२१३, जी४१०, जी५१३, जी६१०, जी८१०, जी९१० इत्यादी कळफलकांना रंग देते. लॉजिटेकने आपल्या एचआयडी++ या नियमावलीचे काही भाग सार्वजनिक केल्यामुळे तिच्या उपकरणांबाबतचे काम तुलनेने सुकर झाले.

जुळणीचे टप्पे

ओळख: यूएसबी उपकरणांची यादी दाखविणाऱ्या एलएसयूएसबी या आदेशाने उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक पाहावा. रेझरचा उत्पादक क्रमांक १५३२, कॉर्सेरचा १बी१सी आणि लॉजिटेकचा ०४६डी असा आहे. खोक्यावरील नावापेक्षा हा क्रमांक अधिक विश्वसनीय असतो, कारण एकाच नावाच्या कळफलकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत वेगळे सूक्ष्मनियंत्रक असू शकतात.

निवड: हा क्रमांक संबंधित प्रकल्पाच्या समर्थित उपकरणांच्या यादीत आहे का, ते तपासावे. नसल्यास मिळत्याजुळत्या प्रतिमानाचा क्रमांक देऊन आज्ञावलीला फसवू नये.

स्थापना: वितरणाच्या अधिकृत भांडारात आज्ञावली असेल तर तेथूनच घ्यावी. ओपनरेझरसाठी चालू कर्नलच्या शीर्षक फाइलीही लागतात; त्या नसल्यास ड्रायव्हर बांधला जात नाही आणि उपकरण यादीत दिसत नाही.

परवानगी: यूडेव्हचे नियम बसविल्यावर कळफलक काढून पुन्हा जोडावा. वापरकर्त्यास एखाद्या गटात समाविष्ट केले असल्यास सत्रातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा, कारण गटाचे सदस्यत्व नव्या सत्रातच लागू होते.

चाचणी: प्रथम संपूर्ण कळफलकास एकच स्थिर रंग द्यावा. तो नीट लागला तरच कळनिहाय रंग आणि चलत्प्रकाश यांकडे वळावे.

सातत्य: संगणक सुरू होताना किंवा निद्रावस्थेतून जागा होताना रंग जात असल्यास, जतन केलेली रंगयोजना पुन्हा लावणारी सेवा सिस्टिमडीमध्ये नोंदवावी.

दिवे तरीही प्रतिसाद देत नसतील तर नेहमीची कारणे थोडीच असतात. सिक्युअर बूट चालू असताना स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर कर्नल नाकारते. एकाच वेळी दोन आज्ञावल्या त्याच कळफलकास आदेश देत असल्यास रंग लुकलुकतात किंवा मूळ पदावर येतात. कॉर्सेरच्या काही जुन्या कळफलकांवर बायोस असे लिहिलेली सरकखूण असते. ती त्या स्थानी असेल तर कळफलक साध्या पद्धतीने चालतो आणि दिव्यांचे आदेश घेत नाही.

स्क्रोल लॉकशी जोडलेले दिवे

स्वस्त कळफलकांची अडचण निराळी आहे. त्यांच्यात खासगी नियमावली नसतेच; अनेक उत्पादक संपूर्ण पार्श्वप्रकाश स्क्रोल लॉकच्या दिव्याशी जोडून टाकतात. ही कळ आज क्वचितच उपयोगात येते, म्हणून तिच्या दिव्याचा असा उपयोग केलेला असतो. विंडोजवर ती दाबताच दिवे लागतात. लिनक्सच्या अनेक वितरणांत कळफलकाच्या प्रचलित मांडणीत स्क्रोल लॉकला काम नेमून दिलेले नसल्यामुळे कळ दाबूनही काही घडत नाही आणि वापरकर्त्यास कळफलक सदोष असल्याचा भास होतो.

येथे उपाय सोपा आहे, कारण स्क्रोल लॉक हा मानकातील पाच दिव्यांपैकीच एक आहे. कर्नलच्या एलईडी वर्गात तो आपोआप दिसतो आणि ब्राइटनेसकंट्रोलसारख्या छोट्या आज्ञावलीने त्याची तेजस्विता १ केली की सर्व कळा उजळतात. जुन्या एक्स खिडकीप्रणालीत एक्ससेट हा आदेश हेच काम करतो. मात्र कॅप्स लॉक दाबल्यावर किंवा मराठी आणि इंग्रजी मांडणींमध्ये अदलाबदल केल्यावर कार्यप्रणाली सर्व सूचक दिव्यांची स्थिती नव्याने पाठवू शकते आणि त्या वेळी पार्श्वप्रकाश विझतो. दोन भाषांत टंकलेखन करणाऱ्यांना ही अडचण अधिक जाणवते. मांडणीच्या नियमांतच स्क्रोल लॉकला त्याचे काम नेमून देणे हा त्यावरील अधिक टिकाऊ उपाय होय.

कार्यप्रणालीनिरपेक्ष पर्याय

काही कळफलकांत रंगयोजना साठविण्याची अंतर्गत स्मृती असते. अशा वेळी विंडोज असलेल्या दुसऱ्या संगणकावर एकदाच रंग ठरवून ते कळफलकात जतन करता येतात. नंतर कोणत्याही संगणकावर तेच रंग दिसतात. अनेक कळफलकांत फंक्शन कळेसोबत दुसरी कळ दाबून तेज आणि रंगचक्र बदलता येते. यासाठी संगणकावरील कोणत्याही आज्ञावलीची गरज नसते.

याहून मूलगामी मार्ग क्यूएमके या मुक्त स्रोत फर्मवेअरचा आहे. यात दिव्यांची सर्व व्यवस्था कळफलकाच्या सूक्ष्मनियंत्रकातच असते आणि तिचा स्रोत सर्वांना खुला असतो. कीक्रॉनसारखे काही उत्पादक आपल्या अनेक कळफलकांत क्यूएमके देतात, तर व्हाया या आज्ञावलीने त्यातील रंग आणि कळा बदलता येतात. नवा कळफलक घेताना लिनक्सवर रंगनियंत्रण हवे असल्यास हा पर्याय विशेष विचारात घेतला जातो.

धोके आणि मर्यादा

संवाद टिपून उभारलेली आज्ञावली जेवढे पाहिले गेले तेवढेच जाणते. उत्पादकाने फर्मवेअर बदलल्यास ती निरुपयोगी ठरू शकते, आणि नवे प्रतिमान बाजारात आल्यावर ते कोणा विकासकाच्या हाती पडेपर्यंत थांबावे लागते.

रंग कोठे लिहिले जातात, हेही महत्त्वाचे आहे. ओपनआरजीबीतील डायरेक्ट या प्रकारात संगणक रंग सतत पाठवीत राहतो आणि ते कळफलकाच्या कायमस्वरूपी स्मृतीत लिहिले जात नाहीत. उपकरणात जतन करण्याचा आदेश मात्र फ्लॅश स्मृतीत लिहितो. अशा स्मृतीची लेखनक्षमता मर्यादित असल्यामुळे सतत बदलणाऱ्या प्रकाशासाठी हा आदेश वापरू नये.

स्मृतिपट्ट्या आणि काही मदरबोर्ड यांचे दिवे एसएमबस या अंतर्गत मार्गाने नियंत्रित होतात. तेथे चुकीच्या पत्त्यावर लिहिल्यास उपकरण बिघडू शकते. केवळ कळफलकाचे दिवे लावावयाचे असतील तर ओपनआरजीबीला या मार्गाची परवानगी देण्याची आवश्यकता नसते.

कायदेशीर बाजू

आंतरकार्यक्षमतेसाठी, म्हणजे दोन स्वतंत्र आज्ञावल्या एकमेकींशी बोलू शकाव्यात यासाठी, आवश्यक तेवढा अभ्यास करण्यास अनेक देशांचे कायदे मुभा देतात. युरोपीय संघात २००९ सालच्या संगणक आज्ञावलीविषयक निर्देशातील सहाव्या अनुच्छेदात ही तरतूद आहे. भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला, ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसल्यास, आंतरकार्यक्षमतेसाठी अत्यावश्यक माहिती मिळविण्याची कृती करण्यास अनुमती आहे. उत्पादकाची आज्ञावली जशीच्या तशी वाटण्याची अनुमती मात्र यातून मिळत नाही. म्हणूनच हे प्रकल्प स्वतःचा स्रोत नव्याने लिहितात.

मानकीकरणाकडे वाटचाल

यूएसबीच्या एचआयडी मानकात पुढे प्रकाश आणि प्रदीपन यांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. लॅम्पॲरे या त्यातील रचनेनुसार कळफलक स्वतःच संगणकाला आपले किती दिवे आहेत, ते कोठे बसविले आहेत आणि कोणते रंग देऊ शकतात, हे सांगतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये २०२३ साली आणलेली डायनॅमिक लायटिंग ही सोय याच रचनेवर आधारित आहे. हे मानक खुले असल्यामुळे ते पाळणारा कळफलक कोणत्याही कार्यप्रणालीला समजू शकतो. ते सर्वत्र रूढ झाल्यास दिव्यांनाही कळांसारखीच सार्वत्रिक भाषा लाभेल. आधी विकल्या गेलेल्या कळफलकांना मात्र स्वयंसेवकांच्या आज्ञावल्यांचाच आधार राहील.

उपयोग

कळांच्या प्रकाशाचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही. मंद प्रकाशात अक्षरे दिसण्यासाठी, दृष्टी क्षीण असलेल्यांना ठळक रंगभेद मिळण्यासाठी आणि नवी मांडणी शिकण्यासाठी तो उपयुक्त ठरतो. भारतीय लिप्यांच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि त्यांची चिन्हे कळफलकाच्या डाव्या बाजूस, तर व्यंजने मुख्यतः उजव्या बाजूस आहेत. कळनिहाय रंग देता येणाऱ्या कळफलकावर डावा भाग एका आणि उजवा भाग दुसऱ्या रंगाने उजळल्यास देवनागरी टंकलेखन शिकणाऱ्यास ही रचना एका दृष्टिक्षेपात लक्षात येते. रंगयोजना ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्याच्या हाती असेल तरच असे उपयोग शक्य होतात.

हे सुद्धा पहा

कळफलक
लिनक्स
मुक्त स्रोत आज्ञावली
यूएसबी
इनस्क्रिप्ट
प्रकाशोत्सर्जक डायोड